यंत्राच्या पोटातले यंत्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. वार्षिकांकाच्या या पानांवर पाऊस असतो, आई असते, गावाकडची वाट असते, एखादा वठलेला पिंपळही असतो. या घरगुती मंडळींत संगणकाने येऊन मांडी घालावी, हा जरा आगाऊपणाच. पण गेल्या उन्हाळ्यात संगणकाच्या पडद्यावरच्या चार ओळींनी मला जितके लक्ष देऊन वाचायला लावले, तितके आजवर एखाद्या अवघड कवितेनेही लावले नव्हते. शिवाय त्या चार ओळींच्या पलीकडे जात्यावरच्या चारशेहून अधिक ओव्या अडकून पडल्या होत्या. म्हणून हा आगाऊपणा करतो आहे.

या गोष्टीचे मूळ आमच्या आत्तीपाशी आहे. आत्ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची बरीचशी नोकरी पन्हाळा आणि भुदरगड तालुक्यांतल्या लहान लहान गावांत झाली. शाळा सुटली की ती कुणाच्या तरी सोप्यात जाऊन बसे आणि म्हाताऱ्या बायकांना ओव्या म्हणायला लावून वहीत उतरवून घेई. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली आणि जात्याबरोबर ओवीही गेली, हे तिला फार लवकर उमगले होते. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आत्तीचे काम त्या मानाने ओंजळभर. पण तिच्या ओंजळीतल्या ओव्या तिने ज्यांच्या तोंडून ऐकल्या, त्या बायका आज हयात नाहीत.

निवृत्तीनंतर, २००३ साली, तिने त्या ओव्या लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतल्या. पुस्तक छापायचे होते. पण त्याच वर्षी घरात लग्न निघाले आणि छपाईचे पैसे मांडवाला लागले. पुस्तक राहिले. दुकानदाराने फाईल आणि तिचा फॉन्ट अशी एक सीडी करून दिली होती, ती आमच्या कपाटात पडली. वह्या आत्तीच्या घरी, प्रयाग चिखलीला होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला आणि चिखली पाण्याखाली गेली. माणसे बाहेर निघाली. ट्रंकेतल्या वह्यांचा निळ्या शाईचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर आत्तीने तो लगदा दोन दिवस उन्हात वाळवून पाहिला आणि मग काही न बोलता परसात नेऊन टाकला. आता तिला काचबिंदूने नीट दिसत नाही. या मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली आणि एका संध्याकाळी सहज म्हणाली, "बाळ, ती कपाटातली शीडी तुझ्या यंत्रावर लागती का रं? मला एकदा वाचून दाखव. माझ्या आता सगळ्या ध्यानात ऱ्हायल्या न्हाईत."

माझे यंत्र म्हणजे एका कचेरीने मोडीत काढलेला डेस्कटॉप. मावसभावाने त्यावर उबुंटू घालून दिले आहे. उबुंटू हे लिनक्सचे एक घराणे. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची घोषणा केली, तो लिनक्सचा गाभा जगभरच्या लोकांनी मिळून वाढवला. तो कुणालाही फुकट मिळतो आणि जुन्या यंत्रावरही निमूटपणे चालतो. विद्यार्थ्याच्या खिशाला दोन्ही गोष्टी मानवतात.

सीडी लावली. ती वाचली गेली, हेच आधी नवल. मी पहिल्याप्रथम तिची पूर्ण प्रत काढून घेतली आणि मूळ सीडी परत कपाटात ठेवली. मग फाईलमधला मजकूर पाहिला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याच्या खुणा आणि उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी उमटली. चारशे ओव्यांपैकी एकीचे एक अक्षर कळेना.

असे का व्हावे, हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे. 'क' चा आकडा २३२५. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण ती आपल्या डीटीपीच्या दुकानांत पोचायला पुष्कळ वर्षे गेली. तोवर मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या अडीचशेच्या आसपास घरांत त्यांनी देवनागरीचे तुकडे नेऊन बसवले: कुठे अर्धा 'ल', कुठे काना, कुठे वेलांटी. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात असेल तर मराठी दिसणार. नसेल तर त्याच घरांचे मूळ इंग्रजी रहिवासी दारात येऊन उभे राहणार. तीसेक वर्षांत मराठीत टाइप झालेली असंख्य पुस्तके, पत्रिका, अहवाल आणि आपल्या महाविद्यालयांसारख्यांचे वार्षिकांक या युक्तीवरच उभे होते.

फॉन्ट सीडीवर होता. पण फाईल पेजमेकरची होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. तिला त्या काळातली विंडोज हवी. लिनक्सवर ती आपल्या पायांनी उभी राहत नाही. पाने जशी मांडली होती तशी, गावांची नावे आणि बायकांची नावे ज्या त्या ओवीखाली हवी असतील, तर पेजमेकरच चालवायला हवा होता. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला जाऊन भेटलो. त्याचा तेव्हाचा संगणक केव्हाच मेला होता. पण त्याच्याबरोबर आलेल्या विंडोज एक्सपीच्या आणि पेजमेकरच्या मूळ सीडी त्याने एका खोक्यात जपून ठेवल्या होत्या. "यंत्र गेलं, सीड्या ऱ्हायल्या. घेऊन जा," तो म्हणाला. आत्मा आहे आणि शरीर नाही, अशी ती अवस्था होती.

त्या आत्म्याला शरीर द्यायचा उपाय मावसभावाने फोनवर सांगितला: व्हर्च्युअल मशीन. म्हणजे आभासी यंत्र. चालू संगणकाच्या आत एक प्रणाली दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करते. त्या सोंगाला स्वतःची स्मृती, स्वतःची डिस्क, स्वतःचा सीडी-ड्राइव्ह असतो. नाटकातल्या घराला भिंती रंगवलेल्या कापडाच्या असतात, पण पात्रे त्या भिंतींना टेकत नाहीत आणि त्यांचा संसार खराच चालतो. तसे आतली विंडोज हे सारे खरे समजून नांदते. ही कल्पना आजची नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० नावाने ती बाजारात आणली होती. घरगुती संगणकावर हेच करणारी व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ साली खुली केली. पुढे ती सन आणि २०१० पासून ओरॅकल कंपनीकडे आली. या विद्येच्या परिभाषेत बाहेरच्या यंत्राला 'होस्ट' आणि आतल्याला 'गेस्ट' म्हणतात. यजमान आणि पाहुणा. कोल्हापूरच्या माणसाला याहून सोपी परिभाषा कोणती हवी? पाहुणा म्हटला की आपल्याकडे तांबडा-पांढरा रस्सा चढतो. माझ्या यजमानाने मात्र पाहुण्याला चार वेळा दारातूनच परत लावले.

व्हर्च्युअलबॉक्स बिनतक्रार बसले. आभासी यंत्र तयार केले, त्याला स्मृतीचा लहानसा वाटा दिला आणि 'सुरू' वर बोट ठेवले. लगेच एक खिडकी उघडली. 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', आणि पुढे एक आकडा: उणे १९०८. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा आकडा पाहून लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला आठवावा. खिडकीचा सूरही साधारण शिक्षा सुनावल्यासारखाच होता.

मी ओळखीच्या तीन जणांना विचारले आणि तिघांनी तीन उपाय सांगितले. एक म्हणाला, सगळे काढून पुन्हा घाल. दुसरा म्हणाला, लिनक्सच टाकून दे. तिसऱ्याने एकापाठोपाठ एक अशा दहा आज्ञांची यादीच पाठवली. काय होते ते बघ, म्हणाला. त्या रात्री मामा जेवायला आले होते. मामा उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर आहेत. संगणकाशी त्यांचा संबंध नाही, पण बंद पडलेले इंजिन त्यांच्यापुढे आणून ठेवले की ते आधी पाच मिनिटे नुसते बघत बसतात. मी यादी दाखवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"दहा नट एकदम ढिलं करायचं नसत्यात. एका टायमाला एकच. न्हाईतर कुठल्यानं काम झालं त्ये कळायचं न्हाई, आन् कुठल्यानं बिघडलं त्ये बी कळायचं न्हाई," मामा म्हणाले. मग चष्मा पुसून विचारले, "आन् त्ये यंत्र सोता काय म्हणतंय?"

मी म्हटले, "ड्रायव्हर नाही म्हणतंय."

"एवढंच? खाली चार वळी दिसत्यात की आजून. त्या वाच."

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची घडण समजून घेऊन स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावच्या मेस्त्र्यांची ही जुनी रीत असावी. यंत्राला विचारायचे, आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचे.

मी खालच्या ओळी वाचल्या. त्यांत लिहिले होते की कर्नलमध्ये बसायचा भाग नीट बसलेला नाही. तो पुन्हा घडवून चढवा. आणि तुमच्या यंत्रात सिक्युअर बूट चालू असेल तर त्या भागावर स्वाक्षरीही लागेल. म्हणजे पुढच्या दोन अडचणी त्या खिडकीने आधीच सांगून ठेवल्या होत्या. आपण परीक्षेत 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असा प्रश्न सोडवतो, तसाच हा उतारा होता. मी वही घेतली आणि एकेक वाक्य सोडवायला बसलो.

पहिले वाक्य कर्नलचे. हा कर्नल लष्करातला अधिकारी नव्हे. लिनक्सच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी बोलण्याचा हक्क त्या गाभ्याला. आभासी यंत्राला खऱ्या प्रोसेसरचा थेट आधार लागतो, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचा एक छोटा भाग या गाभ्यात शिरून बसावा लागतो. हा भाग तयार कपड्यासारखा मिळत नाही. तो त्या त्या कर्नलच्या अंगाला माप घेऊन शिवावा लागतो. ती मापे 'हेडर' नावाच्या फाइलींत असतात आणि शिवण्याचे काम डीकेएमएस नावाचा शिंपी करतो. कर्नल बदलला की तो नव्याने शिवतो.

या शिंप्याला त्याच्या कामाची स्थिती विचारता येते. उत्तर एका शब्दात आले: 'ॲडेड'. काम झालेले असते तर तिथे 'इन्स्टॉल्ड' दिसायला हवे होते. दोन शब्दांतला फरक आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. 'ॲडेड' म्हणजे प्रवेश घेतला, हजेरीपटावर नाव चढले. 'इन्स्टॉल्ड' म्हणजे वर्गात येऊन बाकावर बसला. आमचा विद्यार्थी वर्गात आलाच नव्हता, कारण शिंप्याकडे चालू कर्नलची मापेच नव्हती. हेडर मागवून घेतले. शिंप्याने दोन-तीन मिनिटे काम केले आणि शब्द बदलला: 'इन्स्टॉल्ड'. बाकी कशाला हात लावला नाही. एका टायमाला एकच नट.

आता तो शिवलेला भाग कर्नलमध्ये चढवायचा. आज्ञा दिली, उत्तर आले, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. किल्ली नाकारली. हे त्या खिडकीतले तिसरे वाक्य.

सिक्युअर बूट ही पहाऱ्याची व्यवस्था आहे. विंडोज ८ बरोबर, २०१२ पासून, ती घरगुती संगणकांत सर्रास आली. संगणक सुरू होताना मधल्या मध्ये एखादी घातक प्रणाली घुसू नये, म्हणून ओळखीच्या स्वाक्षरीशिवाय कुणाला आत घ्यायचे नाही, असा तिचा नियम. आमचा भाग तर घरच्याच शिंप्याने नुकताच शिवलेला. त्याची स्वाक्षरी पहारेकऱ्याने कधी पाहिलेली नाही. त्याने अडवले ते योग्यच केले. तिघा सल्लागारांपैकी दोघांनी पहाराच बंद करायला सांगितले होते. दारावरचा राखणदार आपल्या पाहुण्याला ओळखत नाही म्हणून राखणदारालाच काढून टाकावे, हे मला पटेना. पाहुण्याची ओळख करून देण्याची सोय त्या व्यवस्थेत आहे. उबुंटू स्वतःची एक किल्ली तयार करते, आपल्याला एक परवलीचा शब्द ठरवायला सांगते आणि संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा दाखवते. तिथे 'ही किल्ली मालकाची आहे' असे मान्य करायचे, तोच शब्द टाइप करायचा, की झाले. त्या वेळी संगणकापुढे खरा माणूस बसलेला असला पाहिजे, म्हणून हा खटाटोप. दूरवरून कुणी चोर निळ्या पडद्यापुढे येऊन बसू शकत नाही.

पण संगणक पुन्हा सुरू केला आणि निळा पडदा आलाच नाही. दोनदा केले, दोनदा तेच. तिसऱ्या वेळी मामांनी घड्याळ लावले. माझा मॉनिटर म्हातारा आहे. संगणक सुरू झाल्यावर त्याला उजाडायला चांगली वीस सेकंदे लागतात. निळा पडदा वाट पाहतो फक्त दहा सेकंदे. तो येऊन, 'कोणतीही कळ दाबा' असे सांगून, उत्तर न मिळाल्याने आपली विनंतीही रद्द करून निघून जात होता, आणि मग आमच्या मॉनिटरला जाग येत होती. उपाय त्या वाक्यातच होता: कोणतीही कळ. पडदा दिसण्याची वाट कशाला पाहायची? मी किल्लीची विनंती पुन्हा नोंदवली, संगणक सुरू केला आणि काळ्याकुट्ट मॉनिटरकडे बघत स्पेसची कळ दाबत राहिलो. मॉनिटर उजाडला तेव्हा निळा पडदा थांबून उभा होता. परवलीचा शब्द दिला. भाग कर्नलमध्ये चढला. उणे १९०८ चा खटला निकालात निघाला.

तिसरा नकार लगेच आला: 'व्हीटी-एक्स' बंद आहे. इंटेलने २००५ च्या अखेरीस प्रोसेसरमध्येच आभासी यंत्राला आधार देणारी ही सोय आणली. पूर्वीची व्हर्च्युअलबॉक्स लहान पाहुण्यांना तिच्यावाचूनही सांभाळी. आताची तिच्याशिवाय चालत नाही. माझ्या संगणकाच्या आधीच्या मालकाला, म्हणजे त्या कचेरीला, या सोयीची गरज कधी पडली नसावी. संगणक सुरू होताच बायॉसमध्ये शिरलो, प्रोसेसरच्या पानावर ती ओळ शोधली, 'डिसेबल्ड' होती ती 'एनेबल्ड' केली. हे सर्वांत सोपे निघाले.

आणि त्या सोप्या दुरुस्तीतूनच चौथा नकार जन्माला आला: 'व्हीटी-एक्स दुसऱ्याच कुणाकडून वापरले जात आहे.' माझ्या घरी दुसरा कोण? तो होता लिनक्सच्या गाभ्यातलाच केव्हीएम, आभासी यंत्रे चालवणारा घरचा जावई. बायॉसमधला खटका बंद होता तोवर तोही झोपलेला होता. खटका चालू झाला तसा तो जागा झाला आणि खोली अडवून बसला. पूर्वी तो काम असेल तेव्हाच खोली घेई, कर्नलच्या ६.१२ या आवृत्तीपासून तो जागा होताच खोली ताब्यात घेतो. माझा कर्नल त्यानंतरचा. मी केव्हीएमचा भाग तात्पुरता उतरवला आणि पुन्हा 'सुरू' वर बोट ठेवले.

या वेळी नकाराची खिडकी आली नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत विंडोज एक्सपीची उभारणी सुरू झाली. यजमानाने पाहुण्याला एकदाचे घरात घेतले होते. नंतर मी संगणक सुरू होतानाच केव्हीएमने खोली अडवू नये, अशी एक ओळ कायमची लिहून ठेवली. नाहीतर रोज सकाळी हेच भांडण.

अर्ध्या तासाने ती ओळखीची हिरवी टेकडी आणि निळे आकाश पडद्यावर आले. कॅलिफोर्नियातल्या टेकडीचे ते छायाचित्र आहे म्हणतात. आषाढातल्या पन्हाळ्याच्या पायथ्याशी उभे राहिलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. या पाहुण्याला मी बाहेरच्या जगाचे दार मात्र उघडून दिले नाही. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली आहे. त्याला इंटरनेटवर सोडणे म्हणजे जुन्या रोगाला आवतण. नोंदणीशिवाय तो तीस दिवस चालतो. आम्हाला तेवढे पुष्कळ होते. त्याच्या आत पेजमेकर घातला, फॉन्ट ठेवला आणि आत्तीची फाईल उघडली.

काळीभोर मराठी अक्षरे, पानामागून पाने. प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचे नाव आणि गाव. आत्ती शेजारी खुर्चीवर बसली होती. तिला पडद्यावर फक्त उजेड दिसत होता. मी पहिली ओवी वाचली, तर दुसरी ओळ मी वाचायच्या आधी तिनेच म्हटली.

ओव्या बाहेर काढायचे काम अजून बाकी होते. आधी सगळी पाने जशीच्या तशी पीडीएफ करून यजमानाकडे पाठवली. मग मजकूर वेगळा काढून युनिकोडमध्ये आणायला घेतला. त्यात एक गंमत आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' मागून. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात. आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे उलटे: डोक्यावर दिसतो म्हणून तो जुन्या पद्धतीत अक्षराच्या मागून येतो, उच्चारात मात्र आधी असतो. नुसते आकडे बदलून भागत नाही, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून त्याच्या जागी ठेवावा लागतो. रूपांतर करणारी प्रणाली हे बहुतेक ठिकाणी करते. उरलेले माणसाने करायचे. डोळ्यांनी लिहिलेली मराठी कानाच्या क्रमात आणायची, असे ते काम.

आणि कान आत्तीचा होता. रोज संध्याकाळी मी वाचायचो, ती ऐकायची. टाइप करणाऱ्याने जागोजाग आपले शहाणपण चालवले होते, ते तिने पकडले. एका ठिकाणी 'बाया' असे छापले होते. ती थांबली. "बाया न्हवं, बया. बया म्हंजे आई. ती आईला हाक मारतीया, बायकांना न्हाई." एका कान्याने ओवीतली आई नाहीशी झाली होती. अशा बासष्ट दुरुस्त्या आम्ही केल्या. त्या सीडीवर नव्हत्या, पुरात गेलेल्या वह्यांत होत्या, आणि आता फक्त आत्तीच्या डोक्यात होत्या. यंत्राने ओव्या चार-पाच दिवसांत परत दिल्या. पण हा उन्हाळा टळला असता आणि वर्षा-दोन वर्षांनी आम्ही सीडी उघडली असती, तर 'बाया' ही 'बया' आहे, हे सांगायला कोणी असते की नसते, कोण जाणे.

कला शाखेचा यंत्राशी काय संबंध, या शंकेचे उत्तर मी या चार नकारांत शोधतो. एकही नकार खोटा नव्हता. प्रत्येकाने आपले कारण लिहून दिले होते, तेही वाचता येईल अशा भाषेत. 'ॲडेड' आणि 'इन्स्टॉल्ड' यांतला भेद, 'कोणतीही कळ' यातला 'कोणतीही', हे ज्याला दिसते त्याला निम्मी दुरुस्ती येते. शब्दापाशी थांबायची ही सवय आपल्याला साहित्याच्या तासाला लावली जाते आणि ती पोट भरायच्या कामाची नाही असे घरी-दारी ऐकवले जाते. मला ती त्या आठवड्यात कामी आली. उरलेली निम्मी दुरुस्ती मामांच्या धीराची: एका वेळी एक बदल, आणि मग पुन्हा विचारणे.

आत्तीचा संग्रह आता युनिकोडमध्ये आहे. त्याच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या आहेत, त्यांतली एकही नदीकाठी नाही. छपाईचे बघू.

वाचक मित्रहो, आपल्याही घरी कपाटाच्या वरच्या फळीवर अशी एखादी सीडी असेल. आजोबांचे आत्मचरित्र, वडिलांचा प्रबंध, गावच्या जत्रेची स्मरणिका, कुणाच्या तरी कविता. सीडी कायमची टिकत नाही. तिच्यावरचा थर हळूहळू उडतो. ती काढा, आधी प्रत करून घ्या, फाईल कशात केली आणि फॉन्ट कोणता याची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि ज्यांनी तो मजकूर लिहिला ते ऐकू शकत असतील तोवर त्यांना वाचून दाखवा. पाहुण्याचे तीस दिवस संपायच्या आत माझ्याकडे आणखी दोन सीडी आल्या होत्या. एक उघडली. दुसरीवर मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या पदांची वही टाइप करून ठेवलेली होती असे म्हणतात. ती कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही.